शिराझची बाटली, नेरूलचा अरक आणि बेळगावचा कँप

फ्रान्स्वा बर्निये हा फ्रेंच वैद्य १ जुलै १६६३ रोजी दिल्लीहून मायदेशातल्या एका मित्राला लांबलचक पत्र लिहितो. दिल्लीचे बाजार, मिठाई, फळे, मासळी, मटण या सगळ्यांवर तो सविस्तर बोलतो आणि मग त्याच्या मनातली खरी खंत बाहेर पडते. इथे वाइन मिळत नाही! द्राक्षे असूनही मिळत नाही, कारण मद्य दोन्ही धर्मांना निषिद्ध. जी काही मिळते ती दोनच प्रकारची. एक इराणातल्या शिराझची. ती खुष्कीच्या मार्गाने बंदर अब्बासला, तिथून तारवाने सुरतेला, आणि सुरतेहून ४६ दिवसांत दिल्लीला येते. दुसरी कॅनरी बेटांची, जी डच लोक सुरतेला उतरवतात. दोन्ही इतक्या महाग की, त्याच्या मायदेशातल्या म्हणीप्रमाणे, किंमत ऐकूनच चव जाते.

किंमतही तो देतो. पॅरिसच्या तीन पिंट मावतील अशा बाटलीला सहा ते सात एकू. पॅरिसची पिंट म्हणजे एक लिटरला थोडी कमी, तेव्हा ही बाटली झाली पावणेतीन लिटरच्या आसपास. एकूचे सुमारे दोन रुपये धरले तर बाटली पडली बारा ते चौदा रुपयांना. आता याच बर्नियेने मोगल सैन्यातल्या पगारांचे आकडे दिलेले आहेत. पायदळातल्या बंदुकवाल्याला महिना वीस, पंधरा किंवा दहा रुपये. तोफखान्यातल्या फिरंगी गोलंदाजाला पूर्वी दोनशे रुपये मिळत, औरंगजेबाने ते बत्तीसवर आणून ठेवले. म्हणजे मायदेशच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या एखाद्या फिरंगी गोलंदाजाने शिराझची एक बाटली घेतली, तर त्याचा जवळजवळ अर्धा पगार गेला. साध्या बंदुकवाल्याचा तर अख्खा महिना गेला.

हे गणित मी मुद्दाम मांडले. युरोपीय लोक हिंदुस्थानात आले, राहिले, मेले, त्यांच्या लढाया आणि तहनामे आपण पाठ केले. पण परक्या मुलखात राहणाऱ्या माणसाला आपल्या घरची दारू कशी मिळत होती, कोण ती आणत होते आणि ती न मिळणारा काय करत होता, हा प्रश्न आपल्याकडे थट्टेच्या पलीकडे फारसा विचारला जात नाही. मला तो वाहतुकीचा प्रश्न वाटतो. गरम हवेत, हलणाऱ्या जहाजात, घाट चढताना काय टिकते आणि ते नेण्याचे भाडे कोण देतो, यावर इथे कोण काय पिणार हे ठरले. आणि पुढे, इथले कोणते पेय कायदेशीर आणि कोणते चोरटे, हेही बऱ्याच अंशी त्यातूनच ठरले.

सुरुवातीच्या काळात युरोपहून आलेली बाटली पिण्यापेक्षा देण्यासाठी जास्त उपयोगी होती. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये सुरतेहून निघून बुऱ्हाणपुरात पोचला. तिथे शहजादा परवेझचा मुक्काम होता. रोने इतर नजराण्यांबरोबर मद्याच्या बाटल्यांची एक पेटी पाठवली. पुन्हा भेट व्हायची होती ती झालीच नाही, कारण शहजादा त्या पेटीतच गुंग झाला. पुढे जहांगीरच्या दरबारातही रोला हाच अनुभव आला. कापड दाखवा, आरसे दाखवा, मागणी लाल वाइनची. थोडक्यात, जहाजातून वाचून आलेल्या मोजक्या बाटल्यांना गिऱ्हाईक बादशहाच होता. वखारीतल्या कारकुनाच्या वाट्याला त्यातले काय येणार?

दिल्लीतल्या फिरंग्यांनी मग स्वतःच भट्टी लावली. औरंगजेबाने दारूबंदी केली तेव्हा वैद्य आणि शल्यचिकित्सक सोडून बाकीच्या सगळ्या ख्रिस्ती लोकांना शहराबाहेर, तोफखान्याजवळच्या वस्तीत राहायला धाडले, असे निकोलाव मनुची सांगतो. तिथे त्यांनी दारू गाळावी आणि प्यावी, पण विकू नये. मनुचीचा या विषयावरचा दुसरा किस्सा अधिक झणझणीत आहे. बादशहा म्हणाला म्हणे, अख्ख्या हिंदुस्थानात न पिणारी माणसे दोनच, एक मी आणि दुसरा मुख्य काजी अब्दुल वहाब. मनुची म्हणतो, काजीसाहेबांपुरती बादशहाची चूक होती, कारण त्यांना रोज एक बाटली मीच चोरून पाठवत होतो. मनुची बढाईखोर होता, तेव्हा मीठ घालूनच हे वाचावे. पण ख्रिस्ती गोलंदाजांना दिलेली सवलत मात्र खरी वाटते, कारण शंभर वर्षांनी पुण्यात तीच दिसते. पेशव्यांच्या राज्यात पुणे शहरात दारू गाळायला बंदी होती, पण पदरी असलेल्या ख्रिस्ती गोलंदाजांना स्वतःपुरती गाळायची परवानगी होती, अट अशी की इतरांना विकायची नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पेशव्यांच्या रोजनिशीवर लिहिताना या गोष्टीची दखल घेतली आहे. दोन सत्ता, दोन धर्म, आणि तोडगा शब्दशः एकच. तोफ डागणारा माणूस हवा असेल तर त्याच्या भट्टीकडे थोडा काणाडोळा करावा लागतो, हे दोघांनाही कळले होते.

सुरतेच्या इंग्रज वखारीत प्रेसिडेंटच्या मेजावर शिराझ वाइन आणि युरोपातून आलेली थोडीफार मद्ये सणावाराला असत. रोजचे काय? रोजचा होता पंच. या पेयाचा सर्वांत जुना सापडणारा उल्लेख १६३२ सालचा, आणि तो हिंदुस्थानातलाच आहे. रॉबर्ट अ‍ॅडम्स नावाच्या कंपनीच्या एका शिपायाने पूर्व किनाऱ्यावरच्या पेटापोलीच्या वखारीतल्या माणसाला पत्र लिहिले, त्यात पंच पिण्याचा उल्लेख येतो. १६३८ मध्ये सुरतेला आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो त्याची कृती सांगतो: मद्यार्क, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. म्हणजे घरची वाइन मिळेना, तेव्हा इथला अरक घेतला, त्याचा उग्रपणा मारायला इथलेच लिंबू, इथलीच साखर. पुढे हेच पेय लंडनच्या कॉफीघरांत फॅशन म्हणून गेले. टंचाईतून निघालेला जुगाड होता तो!

आणि आता आपल्या भागाचा मुद्दा. हा अरक कुठला? जॉन फ्रायर हा कंपनीचा डॉक्टर १६७० च्या दशकात मुंबई, जुन्नर, कारवार, गोवा असा फिरला. तो स्पष्ट लिहितो की सगळ्यात चांगला अरक, ज्याला तो नेपा असेही म्हणतो, नेरूलला होतो आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज त्याचाच पंच करतात. पंच हे नाव पाच जिन्नसांवरून पडले, असेही तो तिथेच सांगतो. काही अभ्यासक पिंपाच्या इंग्रजी नावाशी त्याचा संबंध जोडतात. मला फ्रायर पटतो, पण तो वाद बाजूला ठेवू. नेरूल म्हणजे बार्देसमधले, मांडवीच्या मुखाजवळचे. म्हणजे सुरतेपासून कारवारपर्यंतच्या इंग्रज वखारींना दारू पुरवणारे गाव आपल्या शेजारी होते.

हा अरक माडीचा, म्हणजे नारळाच्या ताडीचा. काजूची फेणी नंतरची. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणले आणि त्याच्या बोंडाची दारू गाळायला लोक पुढे शिकले. मुळात रेंदेर आणि भंडारी माड चढून सूर काढत, भट्टीत एकदा गाळले की हुर्राक, पुन्हा गाळले की फेणी. हुर्राक, अरक आणि आपला औषधातला अर्क, तिन्हींचे मूळ घामाला असलेल्या एकाच अरबी शब्दात आहे. भांड्याच्या थंड अंगावर थेंब जमतात ते पाहिले की शब्द का पडला हे सांगायला लागत नाही. गोव्यात १५८० च्या दशकात आर्चबिशपच्या पदरी राहिलेला डच माणूस लिन्सखोटेन हे सगळे वर्णन करतो आणि वर एक गंमत सांगतो. पोर्तुगालची वाइन महाग पडे, म्हणून लोक या माडाच्या दारूत होर्मूझहून आलेले मनुके घालून मुरवत आणि तीच वाइन म्हणून पीत. शंभर वर्षांनंतरच्या इंग्रजांनी लिंबू पिळले, त्यांच्या आधीच्या पोर्तुगीजांनी मनुके घातले. खाली मद्य एकच, आपल्या माडाचे.

युरोपची वाइन टिकत का नव्हती? साध्या वाइनमध्ये मद्यार्काचे प्रमाण दहा-बारा टक्के. लाकडी पिंपाच्या फटींतून हवा आत जाते, विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागते, जहाजाचे पोट तापते, सहा महिने पिंप हिंदकळते. अशा वेळी व्हिनेगर करणाऱ्या जंतूंना रान मोकळे. मदिरा बेटावरच्या वाइनने हा प्रश्न सोडवला. इंग्रज जहाजे पाणी आणि रसद घ्यायला तिथे थांबतच. तिथली वाइन टिकावी म्हणून तिच्यात अठराव्या शतकात मद्यार्क घालू लागले, त्यामुळे प्रमाण अठरा-वीस टक्क्यांवर गेले आणि जंतू मेले. पुढचा भाग कोणी ठरवून केला नव्हता. तापलेल्या जहाजात महिनोन्‌महिने हिंदकळून ही वाइन बिघडण्याऐवजी सुधारली. मग लंडनचे शौकीन मुद्दाम हिंदुस्थानला जाऊन परत आलेली मदिरा मागू लागले. पिंपे मुंबई-कलकत्त्याची फेरी मारून, न उघडता, इंग्लंडला परत जात. मराठीतला पिंप हा शब्दसुद्धा पोर्तुगीज पिपावरून आलेला आहे. त्या शतकात मुंबई, कलकत्ता आणि मद्रासमधल्या साहेबाच्या जेवणाला मदिरा लागायचीच. त्याला ती सगळ्यात जास्त आवडत होती की नाही कोण जाणे, पण वाटेत न मरणारी वाइन ती होती.

बिअरची गोष्ट याहून प्रसिद्ध आहे, आणि याहून जास्त चुकीची सांगितली जाते. रूढ कथा अशी की हॉजसन नावाच्या लंडनच्या माणसाने हिंदुस्थानच्या प्रवासासाठी मुद्दाम एक नवी, कडक, जास्त हॉप्स घातलेली बिअर शोधून काढली, आणि तीच इंडिया पेल एल. प्रत्यक्षात फिकट रंगाची बिअर आधीपासून होती, उष्ण देशात पाठवायच्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालावेत हेही ब्रूअरांना ठाऊक होते. जॉर्ज हॉजसनचे भांडवल दुसरेच होते, त्याची जागा. १७५२ पासून त्याचा कारखाना लंडनच्या पूर्वेला बो इथे, ली नदीच्या काठी. ब्लॅकवॉलच्या गोदीत हिंदुस्थानला जाणारी जहाजे लागत, ती तिथून दोन-तीन मैलांवर. बिअर होडीत घालायची आणि सरळ जहाजाला लावायची.

जहाजाचे अर्थकारण समजून घेतल्याशिवाय हे कळत नाही. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे इकडून परतताना कापड, मिरी, नीळ, सोऱ्याने खच्चून भरलेली असत. इकडे येताना मात्र बऱ्याच अंशी रिकामी, कारण हिंदुस्थानला विलायती माल फारसा नकोच होता. कप्तान आणि अधिकाऱ्यांना ठराविक टनांपर्यंत खासगी माल भाड्याशिवाय नेण्याचा हक्क होता. ते या जागेत हॅम, चीज, टोप्या, काचसामान आणि दारू भरून आणत आणि मुंबई-कलकत्त्याला उतरताच विकत. हॉजसनने या कप्तानांना बारा-अठरा महिन्यांची उधारी दिली. माल घेऊन जा, विका, परत या, मग पैसे द्या. लोक हॉजसनची बिअर पीत होते ती चवीमुळे नव्हे असे मी म्हणणार नाही, ती प्रवासात चांगली मुरत असे आणि जाणकार सांगतात की तळघरात दीड-दोन वर्षांत जे व्हावे ते समुद्रावर चार-पाच महिन्यांत होई. पण त्या चवीला इथवर आणले ते उधारीने आणि रिकाम्या जहाजाने.

उधारीने उभे केलेले उधारी बंद करताच पडले. १८२० च्या आसपास हॉजसनच्या वारसांनी भाव चढवले, रोखीची अट घातली, आणि मधल्या कप्तानांना बाजूला सारून थेट जहाजे भरू लागले. कंपनीचा एक संचालक कँपबेल मार्जोरीबँक्स याने १८२२ मध्ये बर्टनच्या सॅम्युअल ऑल्सॉपला जेवायला बोलावले आणि हॉजसनची बाटली पुढे ठेवून विचारले, तुम्ही अशी करू शकाल का? ऑल्सॉपला गरज होतीच. रशियाने जकात वाढवल्याने त्याची बाल्टिककडची बाजारपेठ बुडाली होती. त्याच्या जॉब गुडहेड नावाच्या कारागिराने म्हणे पहिला नमुना चहाच्या किटलीत उकळला. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे बिअर अधिक फिकट, अधिक नितळ आणि कडूपणा स्वच्छ. वर्षभरात ऑल्सॉपची पिंपे इकडे निघाली, मागोमाग बास. गंमत म्हणजे इंडिया पेल एल हे नाव छापलेले सापडते ते आधी १८२९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वर्तमानपत्रात.

या कथेतून नेहमी एक गोष्ट गळते. पेल एल ही अधिकाऱ्याची, व्यापाऱ्याची, कलेक्टरची बिअर. साध्या गोऱ्या शिपायासाठी आली ती काळी, स्वस्त पोर्टर, आणि तीही त्याला रोज मिळत नसे. त्याच्याकडे आपण परत येऊ.

मुंबईच्या बंदरात बिअर पिंपातून उतरली की ती बाटल्यांत भरावी लागे. बाटल्या इथे होत नव्हत्या. काच जड, नाजूक आणि बाहेरून आलेली, म्हणून रिकाम्या बाटलीलाही बाजार होता. पारशी समाजात बाटलीवाला हे आडनाव उगीच नाही. जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी ज्यांच्या हाताखाली धंदा शिकले ते त्यांचे मामा आणि पुढे सासरे झालेले फ्रामजी नसरवानजी बाटलीवाला, जुन्या बाटल्यांचे व्यापारी. लोक जमशेटजींनाही बाटलीवाला म्हणत. विलायतेतून आलेली पेटी साहेबाने रिकामी केली, बाटली बाजारात आली, धुतली गेली, पुन्हा भरली गेली आणि पुन्हा बूच लागले. या साखळीत सगळ्यात आधी भांडवल जमवले ते रिकाम्या बाजूच्या माणसांनी, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

याच जमशेटजींच्या घरच्या मेजवानीत १८३० च्या दशकात मुंबईतले पहिले आइस्क्रीम वाढले गेले. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तळ्यांतला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात बांधून हिंदुस्थानला पाठवायला सुरुवात केली होती. त्याचे टस्कनी हे जहाज १८३३ च्या मे महिन्यात १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघाले आणि सप्टेंबरात कलकत्त्याला पोचले तेव्हा शंभरेक टन शिल्लक होता. कोमट वाइन आणि कोमट बिअर पिऊन दोन शतके काढलेल्या लोकांना हा चमत्कारच वाटला. गव्हर्नर जनरल बेंटिंकने ट्यूडरच्या माणसाला चांदीचा पेला दिला. पुढच्या वर्षी बर्फ मुंबईला आला. जमशेटजींच्या मेजवानीनंतर यजमान आणि पाहुणे सर्दीने आजारी पडले आणि मुंबई समाचारने त्यावर ताशेरे ओढले. नव्या गोष्टीची किंमत मोजावीच लागते, असा त्याचा सूर होता.

मुंबईपर्यंत हे सगळे पोचले. पण छावण्या होत्या आत. एप्रिल १८१८ मध्ये मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला आणि काही वर्षांत इथे कँप उभा राहिला. त्याच वर्षी जानेवारीत मंदसोरच्या तहानंतर होळकरांच्या मुलखात महूची छावणी आली. महूला माल मुंबई-आग्रा रस्त्याने जाई. बेळगावचे बंदर वेंगुर्ले. मुंबईहून फत्तेमारीने वेंगुर्ला, तिथून रामघाटाने वर. आंबोलीचा, म्हणजे जुन्या नावाने पारपोलीचा, चांगला घाटरस्ता १८६० च्या दशकाच्या अखेरीस झाला. त्याआधी बराचसा माल बैलाच्या पाठीवरून चढत असे.

आता पुन्हा थोडे गणित. बिअरचे मोठे पिंप, इंग्रजीतले हॉग्जहेड, म्हणजे ५४ गॅलन, सुमारे २४५ लिटर. लाकडासह वजन तीनशे किलोच्या घरात. लमाणाचा बैल पाठीवर शंभर-सव्वाशे किलो नेतो. म्हणजे पिंप बैलावर जाणारच नाही. ते मुंबईत किंवा वेंगुर्ल्यातच बाटल्यांत ओतावे लागेल. जाड काचेची भरलेली मोठी बाटली दीड किलोच्या आसपास धरली, पेटी आणि पेंढा धरला, तर एका बैलावर फार तर पाच डझन. म्हणजे एका पिंपाला पाच बैल, आणि घाटात घसरून फुटलेल्या बाटल्या वेगळ्या. हा माझा अंदाज आहे, हिशेबाची वही नव्हे, पण बेळगावच्या मेसमध्ये बिअरचा भाव मुंबईपेक्षा का चढा असणार हे त्यावरून दिसते. त्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोकणची बंदरे बंद. मे महिन्यात साठा भरला नाही तर मग गणपती-दसऱ्यापर्यंत वाट बघा. आपल्याकडच्या पावसात, चार महिने धुक्यात, कोरड्या मेसमध्ये बसलेल्या तरुण लेफ्टनंटची कल्पना करा. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला, १८८० च्या दशकाच्या अखेरीस रेल्वे बेळगावला आली आणि मुरगावशी जोडली गेली, तेव्हा ही अडचण संपली. नेमक्या त्याच सुमारास फ्रान्सच्या द्राक्षबागा फायलोक्सेरा किडीने उद्ध्वस्त झाल्या होत्या, ब्रँडी महागली आणि साहेबाच्या सोड्यात स्कॉच व्हिस्की आली. म्हणजे व्हिस्की-सोडा हा जो साहेबी थाट आपण सिनेमात बघतो, तो राज्याच्या शेवटच्या साठ-सत्तर वर्षांचा. त्याआधीची सगळी पिढी ब्रँडी-पानीवाली.

आता तो शिपाई. अधिकाऱ्याला बाटली मिळवण्याची अडचण होती, शिपायाला अडचण नव्हती, कारण त्याच्यासाठी बाटली आणायचीच नव्हती. त्याला सरकारी रतीब म्हणून रोज अरक किंवा रम मिळे, तोही भर उन्हाळ्यात. तो पुरला नाही की बाजारातल्या कलालाकडे जायचे, तिथे काय मिसळलेले असेल याचा भरवसा नाही. लष्करी डॉक्टर वर्षानुवर्षे लिहीत राहिले की यकृत, आमांश, उष्माघात या सगळ्यांत अरकाचा हात आहे, त्याऐवजी बिअर द्या. पण बिअर म्हणजे पुन्हा जहाज, पिंप, बैल, भाडे. अरक मात्र छावणीच्या दारात स्वस्त. सत्तावन्ननंतर गोऱ्या फौजेची संख्या फार वाढली, तेव्हा हिशेब उलटा झाला. सिमल्याच्या बाजूला कसौली-सोलन, पंजाबात मरी, निलगिरीत उटी अशा थंड ठिकाणी बिअरचे कारखाने चालू लागले, कारण बर्फयंत्राआधी बिअर करायची तर थंडी डोंगरातूनच मिळवावी लागे. लॉर्ड रॉबर्ट्सने १८८८ मध्ये लष्करातल्या वेगवेगळ्या मद्यपानविरोधी संस्था एकत्र आणल्या. बेळगावच्या कँपातल्या जुन्या दफनभूमीतून हिंडताना वीस-बावीस वर्षांची वये वाचत जावे लागते. त्यांतल्या कोणाला काय झाले ते दगड सांगत नाहीत, पण कॉलरा आणि तापाबरोबर त्या काळातल्या रतिबाचाही विचार मनात येतो.

या सगळ्यात नेरूलच्या भट्टीचे काय झाले? कंपनीला सुरुवातीला तो अरक हवा होता, पुढे सरकारला त्यावरचा कर हवा झाला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी-माडीच्या झाडावर कर, गाळण्यावर नियंत्रण आणि मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्या आल्या. मुंबईसमोर उरणला पारशी मक्तेदारांच्या मोहाच्या भट्ट्या होत्या, त्या सरकारच्या नजरेखाली चालू राहिल्या. घरच्या झाडाची घरच्यापुरती गाळणारा भंडारी किंवा ठाण्या-कुलाब्यातला आदिवासी मात्र गुन्हेगार ठरला. १८९२ मध्ये तर या दोन जिल्ह्यांसाठी मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध घालणारा कायदा झाला. फुले! औरंगजेबाने फिरंगी गोलंदाजाला आणि पेशव्याने आपल्या ख्रिस्ती नोकराला जी सवलत दिली होती, गाळा आणि प्या, पण विकू नका, ती इंग्रज सरकारने इथल्या माणसाला त्याच्याच घरी दिली नाही. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोव्याची अबकारीही मुंबईच्या धर्तीवर आणायचे ठरले. ब्रिटिश हद्दीला लागून स्वस्त माडी आणि फेणी असणे मुंबईच्या तिजोरीला परवडत नव्हते. तो तह १८९२ मध्ये संपला, घाटांवरची नाकी मात्र पुढेही राहिली.

त्या काळात पडलेले दोन खाने आजही अबकारी खात्याच्या कागदावर आहेत, एक देशी दारूचा आणि एक विदेशी मद्याचा. उसाच्या मळीच्या मद्यार्कात रंग आणि स्वाद घालून नाशिक-सांगलीकडे केलेल्या व्हिस्कीला आपण भारतीय बनावटीचे विदेशी मद्य म्हणतो. अशी शब्दरचना अभियंत्याने आराखड्यावर लिहिली असती तर तो परत आला असता. उलट काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, गोवा सरकारने तिला वारशाचे मद्य म्हटले, पण कायद्यात ती बराच काळ देशी दारूच्या खान्यात होती आणि त्यामुळे दुसऱ्या राज्यात रीतसर विकणे अवघड झाले. बेळगावात कामधंद्यासाठी स्थायिक झालेली गोव्याची कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांना स्कॉटलंडची बाटली हवी असेल तर ती खडेबाजारात किंवा कँपात सहज मिळते. नेरूलच्या बाजूची हवी असेल, तर दीडशे किलोमीटरच्या आतले अंतर, पण वाटेत चोर्ला किंवा अनमोड, आणि अनमोडला नाका. घरी पाहुणा येणार असला की गोव्याला फोन जातो: येताना आण, पण एकच, आणि पिशवीत वर ठेवू नकोस.